मुक्काम किती?

आमच्या साहेबांसमोर खुर्ची ओढून कुणीही बसलं, की चष्मा कपाळावर सरकवून ते आधी एकच विचारायचे, "मुक्काम किती?" चहा सांगायचा की डबा उघडायचा, हे उत्तरावर ठरे.

साताऱ्याच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली लिपिक होतो. ते माण तालुक्यातल्या मेंढपाळाचा मुलगा. डॉक्टर झाले, पण बोली सोडली नाही. मुंबईचे वरिष्ठ आले तरी 'हाय' आणि 'न्हाई'च. खुर्चीमागं न्यूझीलंडच्या मेंढ्यांचं कॅलेंडर होतं. वर्षं बदलली, ते कधी बदललं नाही. तुम्हीही अशी हेकट माणसं पाहिली असतील. मला या एकाचा हेवा वाटे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांची बायको गेली. मूलबाळ नव्हतं. पुतण्यानं त्यांना सांगलीला नेलं, खालची खोली दिली, टीव्ही दिला आणि पडतील म्हणून फिरणं बंद केलं. सहा महिने साहेबांनी कसेबसे काढले. मग एक दिवस माझ्या घरी येऊन म्हणाले, हायवेलगतचा माळ विकला, आता न्यूझीलंडला राहणार. तिथं पैसे गुंतवणाऱ्या म्हाताऱ्यांना दोन वर्षांचा व्हिसा मिळतो म्हणे.

पाठोपाठ पुतण्या तणतणत आला. त्याचा जीव होता त्यांच्यावर, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांनी जा म्हणाले तर कुठं जाणार, परक्या मुलखात काही झालं तर कोण बघणार, हेच तो पुन्हापुन्हा विचारत राहिला.

"आमच्या बानं एका रानात चार रात्री बी तळ टाकला न्हाई," साहेब म्हणाले. "दोन वर्सं लय झाली."

"पण तात्या, या वयात एका जागी बसावं माणसानं."

"दावणीला ढोरं बांधत्यात. मेंढरं न्हाई."

अर्ज मी भरला. जन्मठिकाण विचारलं तर म्हणाले, "मेढ्याच्या वाटंवर." मेंढ्या घेऊन कोकणात उतरताना कुणाच्या तरी शेतात आईनं त्यांना जन्म दिला होता. मी मेढा लिहिलं. पुढचा रकाना कायमच्या पत्त्याचा. तिथं ते अडले. साहेबांना अडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"तुझा लिही की गड्या."

मी लिहिला. डोळे भरून आले, म्हणून उगाच प्रिंटरशी खटपट करत बसलो.

न्यूझीलंडहून त्यांचे फोन यायचे. नोकरीला बंदी, म्हणून शेजाऱ्याच्या मेंढ्यांचे खूर हौसेनं बघायचे. मुदत संपली, पुन्हा अर्ज केला, पुन्हा दोन वर्षं मिळाली. आता मीच विचारायचो, "साहेब, मुक्काम किती?" उरलेले महिने सांगून ते खो खो हसायचे.

चार महिने उरले असताना एका सकाळी ते टेकडीवर चढले आणि तिथंच बसल्या जागी गेले. पुतण्या फोनवर रडला. ऐकलं असतं तर अजून दहा वर्षं जगले असते, म्हणाला. असतेही. पण त्या खोलीतली दहा वर्षं त्यांना नको होती, आणि यावर मी आजही कुणाशीही भांडायला तयार आहे.

परवा त्यांच्या नावाचं पत्र घेऊन पोस्टमन आला. नवीन होता. हे इथंच राहतात का, म्हणून त्यानं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. "कायमचा पत्ता ह्योच हाय."