तिच्या काळोखाचा हेवा

वर्ध्याच्या वसतिगृहात ती येईपर्यंत तिथली कवयित्री मी होते. आम्ही सगळ्या मास्तरीण व्हायला आलेल्या मुली. माझी एक कविता नागपूरच्या साप्ताहिकात छापून आली होती आणि सिंदीला कापसाची दलाली करणाऱ्या माझ्या वडिलांनी तो अंक सरकी काढायच्या जिनातल्या प्रत्येकाला दाखवला होता. वसतिगृहात कुणाचा वाढदिवस असो की निरोपसमारंभ, चार ओळी माझ्याकडूनच मागितल्या जात.

ती सत्र सुरू झाल्यावर आली, पत्र्याची पेटी आणि एक वळकटी घेऊन. माझ्या शेजारची खाट तिला मिळाली. आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. मुली कुजबुजायला लागल्या तेव्हा तिनं स्वतःच सांगून टाकलं, "नवऱ्यानं दुसरी केली. मले माहेरी धाडलं. गळ्यातलं सासूनं काढून घेतलं. आणखी काही इचारायचं हाय?"

आमच्याकडे खेड्यातल्या बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मी वसतिगृहात आल्याबरोबर घोटून घोटून 'येते, जाते' करून घेतलं होतं. ती मात्र शेवटपर्यंत 'येतो'च म्हणाली.

दर शनिवारी मराठीचे गुरुजी आम्हाला कविता म्हणायला लावत. त्या शनिवारी मी चांदण्यावरची माझी नवी कविता म्हटली. गुरुजी म्हणाले, "छान." मग ती उठली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली बघत म्हणाली:

काळोखा, ये दार लोटुनी,
पाउल मात्र वाजवु नको;
उशास माझ्या निजले कोणी,
नाव तयाला सांगु नको.

बोलताना वऱ्हाडी असलेली तिची जीभ कवितेत अशी सरळ कशी झाली, याचं मला आधी नवल वाटलं. मग पाहिलं, तर सगळ्या मुली वह्या मिटून तिच्याकडे बघत होत्या. गुरुजींनी चष्मा काढला. "कोणाची आहे ही?"

"माह्यीच."

"पुन्हा म्हण."

मला त्यांनी कधीही पुन्हा म्हण म्हटलं नव्हतं.

तिची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. पंधराव्या वर्षी लग्न. पहिला मुलगा देवीच्या साथीत गेला. त्यानंतर मुलगी झाली. वंशाला दिवा नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली, मुलगी ठेवून घेतली आणि हिला गिरडजवळच्या माहेरी पाठवून दिलं. एकदा ती विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिली होती. "खाली पाह्यलं," ती म्हणाली, "तं इतका काळोख, इतका काळोख, का ओयखीचा वाटला. त्याच्याशीच बोलत बसली. मंग घरी आली."

तेव्हापासून काळोख तिच्या कवितेत येत राहिला. कधी पाहुणा म्हणून, कधी न्यायला आलेला भाऊ म्हणून, कधी असा प्रियकर म्हणून, की ज्याचा हात थंड आहे आणि तरी सोडवत नाही. वर्गातल्या मुली त्या ओळी उतरवून घेऊन उशीखाली ठेवू लागल्या.

आणि मी? माझं काय होतं? दोन मोठे भाऊ, लाडावणारे वडील, तूप लावलेली पोळी. घरात मेलं होतं ते फक्त एक कुत्रं, तेही म्हातारं होऊन. तरी मी मृत्यूवर एक कविता लिहिली आणि तिला वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "मेल्यावर इतके फुलं कुठून आणतं वं तू?"

गुरुजी म्हणाले, "तुझी भाषा चांगली आहे. पण तिच्या ओळीला आच लागलेली आहे."

दिवाळीत घरी गेले तेव्हा मी आईला विचारलं, "आपल्या घरात कधी काही वाईट झालं होतं का?"

"काऊन?" आई दचकली. "भरल्या घरात असं काय इचारतं? तोंड सांभाळ."

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस ती म्हणाली, "माह्यासंगं गिरडच्या यात्रेले येतं काय? सासरचे लोक नवस फेडाले येऊन राह्यले. पोरगी दिसन." एकटीनं जायची तिची छाती नव्हती. मी लगेच हो म्हटलं. तिच्याविषयीची माया त्यात होती. पण ती आच कुठून येते हे मला जवळून पाहायचं होतं, हेही खरं.

सर्व्हिस मोटारीनं जामला उतरलो. तिथं नाक्यावर चहा घेतला, मग मिळेल त्या गाडीनं गिरड गाठलं. टेकडीवर ही गर्दी. दर्ग्याच्या त्या टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड सापडतात. एका व्यापाऱ्यानं त्या दर्ग्यातल्या फकिराशी खोटं बोलून आपला माल लपवला आणि त्या सगळ्या मालाचा दगड झाला, असं लोक सांगतात. पोरं ते दगड वेचत हिंडत होती. त्यांतच पिवळ्या परकरातली तिची मुलगी होती. पाचेक वर्षांची. ओटीत दगड भरून ती वेचत वेचत थेट आमच्यापर्यंत आली.

मैत्रीण तिच्यासमोर उकिडवी बसली. मुलीनं एक दगड पुढं केला. "घे. सुपारी हाय."

तिनं तो घेतला. "तुह्यी आई कुठं हाय?"

"थे पाय ना," म्हणून मुलीनं झाडाखाली उभ्या असलेल्या बाईकडे बोट केलं.

"जाय मंग. हळू जाय, पडशीन."

मुलगी पळत गेली. झाडाखालच्या बाईनं माझ्या मैत्रिणीला ओळखलं होतं. मुलगी तिच्या पायाला बिलगली तेव्हा तिनं खांद्याला धरून तिला अलगद फिरवलं, चेहरा आमच्याकडे येईल असं, आणि बराच वेळ तसंच उभं ठेवलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या पाण्याखाली एक विचार टोचत होता: ही आता यावर लिहील. मीही इथंच उभी आहे, मीही हेच पाहते आहे, पण मला ते लिहिता येणार नाही. शेजारी ती दगड मुठीत घट्ट धरून बसली होती आणि मी तिच्या त्या मुठीवर जळत होते.

परतल्यावर मी घाईघाईनं त्या टेकडीविषयी कविता रचली. तिच्या आधी. ती इतकी गोड झाली की माझी मलाच लाज वाटली, फाडून टाकली. तिनं कितीतरी दिवस काहीच लिहिलं नाही. मग एका शनिवारी उठली आणि सगळा माल दगड होऊनही ओझं कमी न झालेल्या व्यापाऱ्याची कविता म्हणाली. त्यात मूल नव्हतं, आई नव्हती, टेकडीही नव्हती. पण शेवटच्या कडव्याला मागच्या बाकावरची एक मुलगी हुंदके देऊ लागली. तीच कविता पुढं नागपूरला छापून आली. संग्रह काढा, असंही तिला कुणीकुणी कळवलं.

संग्रह निघाला नाही. शिक्षण संपवून ती समुद्रपूरकडच्या एका खेड्यात मास्तरीण झाली, मी सिंदीला. दोन वर्षांनी कळलं, की तिच्या सवतीनं, त्या झाडाखालच्या बाईनंच, घरात भांडून मुलीला तिच्याकडे आणून सोडलं. "हिले शिकव," एवढंच म्हणाली आणि आल्या पावली परत गेली.

मी भेटायला गेले. ती दारात बसून मुलीच्या केसांना तेल लावत होती. अंगानं भरली होती. मुलगी तिच्या गुडघ्यावर रेलून पाढे म्हणत होती, मधेच चुकत होती, आणि ही हसत होती. चहा झाल्यावर मी विचारलं, "नवीन काय लिहिलं?"

"काईच नाई."

"असं कसं? सुचत नाही?"

"इचारच येत नाई. सांजेले पोरगी धडे म्हणते, मी भाकरी टाकतो, दिवस जाते." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "थे काई कवितेचं काम नव्हतं वं. दुखत होतं म्हणून वरडत होतो. तुह्यं चालू दे. तुले येते."

खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. आता जिल्ह्यात माझ्या वाटेत कुणी नव्हतं. पुढं माझे दोन संग्रह निघाले, दोन्हींवर 'सफाईदार' असा अभिप्राय आला. पण त्या संध्याकाळी परतीच्या मोटारीत माझा जीव नुसता चडफडत होता. इतकी वर्षं मला वाटत होतं, मला तिच्या दुःखाचा हेवा आहे. आता दुःख सरलं होतं, आणि जी गोष्ट मिळावी म्हणून मी रात्रंदिवस तळमळत होते ती तिनं चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखी बाजूला ठेवली होती, मागं वळूनही न पाहता. जाम येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. तिच्या त्या तेलकट हातांचा, त्या चुकणाऱ्या पाढ्यांचा मला इतका हेवा वाटला, की तसा तिच्या कवितांचाही कधी वाटला नव्हता.