पाल्यात ठेवलेली कापडं

सुलाबाईनं लेकीसाठी कापडं फाडायला घेतली तेव्हा मालू अजून उंबऱ्यात बसून गजगे झेलत होती. साडी सुलाबाईच्या लग्नातली. धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की फाडताना आवाजसुद्धा झाला नाही. आवाज व्हायलाही नको होता. आत सासू पडली होती, आणि त्या यल्लव्वा म्हातारीचे कान फार तिखट होते.

सुलाबाई निपाणीतल्या एका वखारीत तंबाखू चाळायला जायची. दिवसभर धुळीत बसून तिच्या हातांच्या रेषा काळपट पिवळ्या झाल्या होत्या. डोक्यावरून अंघोळ केली तरी तुझ्या भाकरीला तंबाखूचा वास येतो, असं तिचा नवरा कल्लाप्पा म्हणायचा. तो स्वतः त्याच वखारीत पोती वाहायचा, तेव्हा वास त्याचा की तिचा हे ठरवायचं कुणी?

सुलाबाईला न्हाण आलं ते माहेरी, शेतात खुरपताना. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आत काहीतरी फाटलं, आता आपण मरणार, असं समजून ती ओढ्यात दगडाआड बसून राहिली. दिवेलागणीला आई शोधत आली, तिला बघून हसली, आणि सकाळी गल्लीत साखर वाटली. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. पहिली दोन बाळंतपणं जिवावर बेतली, दोन्ही मुलं गेली. दुसऱ्या खेपेला सुईण तिच्यासमोरच म्हणाली होती, ही अजून सोताच पोर हाय, हिच्या पोटात पोराला जागा कुठली. मालू त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाली.

आणि मालू पाळण्यात असतानाच कल्लाप्पाच्या बहिणीनं, नागुबाईनं, तिला आपल्या पोरासाठी, भरमूसाठी, मागून ठेवली. मामाची पोर भाच्याला द्यायची, यात कुणी कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. पोरीला न्हाण आलं की आत्यानं हिरवी साडी घेऊन यायचं, ओटी भरायची, आणि पुढचा पहिला मुहूर्त धरायचा. नागुबाई सौंदलग्याहून बाजाराला आली की आधी इथं टेकायची. मालूच्या खांद्यावर हात ठेवून तिची उंची आपल्या खांद्याशी मापायची आणि म्हणायची, "काय वैनी, अजून न्हायच? का लपवून ठिवलीया माझी सून?"

सगळे हसायचे. सुलाबाईही हसायची, आणि काहीतरी निमित्त काढून मालूला आत पाठवायची.

भरमू काही वाईट पोरगा नव्हता. पण मालू सातवीत होती. वखारीच्या फाटकावरच्या कन्नड पाट्या ती आईला घडाघडा वाचून दाखवायची. सुलाबाईनं मनाशी ठरवलं होतं, पोरगी दहावीची एसेलसी होईपर्यंत कुणाच्या घरात जाणार नाही. कल्लाप्पाला सांगून उपयोग नव्हता. बहिणीला दिलेला शब्द तो मोडणार नव्हता. मग एकच वाट उरत होती. न्हाण आलं तरी ते आलं आहे हे घरात कळूच द्यायचं नाही.

एका रविवारी घरामागच्या परड्यात मालूच्या डोक्यातल्या उवा काढता काढता तिनं सगळं सांगितलं. रक्त दिसलं तर भ्यायचं नाही, मरत नाही कुणी. घडी अशी घालायची, कमरेच्या नाडीला अशी खोवायची. कापड अंघोळीच्या वेळी धुवायचं आणि दोरीवर माझ्या लुगड्याच्या आत वाळत घालायचं. आजीनं देवाला दिवा लावायला सांगितलं तर डोकं दुखतंय म्हणून पडून राहायचं.

मालूनं मान वर न करता विचारलं, "मग तू चार दिवस भाईर बसतीस ती?"

"माझं लगीन झालंय," सुलाबाई म्हणाली. "माझं आता काय जायाचंय?"

थोडा वेळ फणी चालू राहिली. मग तिनं मालूची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं. "आजी न्हाय, आप्पा न्हाय, आत्या तर न्हायच न्हाय. कुणी मारलं तरी तोंड उघडायचं न्हाय. शपथ घे."

मालूनं आईच्या गळ्याची शपथ घेतली.

कापडं माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची होती. पण माळ्यावर झुरळं फार, आणि मऊ सुती कापडाला कसर लागायला वेळ लागत नाही. निपाणीत अशा वेळी बायका काय करतात ते ठरलेलं होतं. ट्रंकेत साड्यांच्या घडीत तंबाखूचा पाला घालायचा, किडा जवळ येत नाही. सुलाबाईनंही तेच केलं. फक्त तिनं जमिनीवरचा सडका पाला उचलला नाही. लेकीचं काम होतं. चांगल्यातला, कडक वासाचा, झोंबणारा पाला तिनं लुगड्याच्या ओच्यात बांधून फाटकावर झडती घेणाऱ्या बाईच्या हाताखालून आणला. पकडली असती तर काम गेलं असतं. घरी येऊन तिनं तो हातावर चुरला आणि प्रत्येक घडीत चिमूट चिमूट पेरला. डबा घट्ट लावला. पुढं पावसाळा गेला, दिवाळी गेली. डबा तसाच होता.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी मालूला ते आलं. आई-आप्पा वखारीत गेलेले, आजी उन्हाला बसलेली. मालू घाबरली नाही. माळ्यावर चढली, डबा उघडला, एक कापड झटकलं, शिकवल्याप्रमाणे घडी घातली आणि शाळेला गेली. दुसऱ्या तासाला तिला घाम सुटला. फळा गोल फिरायला लागला. ती वर्गाच्या दारात ओकली. बाईंनी एका मैत्रिणीबरोबर तिला घरी पाठवलं. वाटेतही ती दोनदा खाली बसली.

संध्याकाळी सुलाबाई आली तेव्हा मालू पांढरीफटक पडली होती. तरी आईच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "आई, आलं. कुणाला कळलं न्हाय."

सुलाबाईला रडूच आलं. पोटात कळा येतात, कुणाकुणाला पहिल्या खेपेला उलट्याही होतात, असं तिनं स्वतःची आणि मालूची समजूत घातली. लिंबाचं सरबत पाजलं, डब्यातलं दुसरं कापड काढून दिलं. सकाळी पोरगी घरात पडून राहिली असती तर म्हातारीनं ओळखलं असतं, म्हणून तिनंच तिला रोजच्यासारखं नळावर पाठवलं.

नळावर रांगेत मालूला पुन्हा मळमळून आलं. घागर हातातून सुटली आणि ती गटाराच्या कडेला ओकत बसली. पलीकडच्या यशोदाबाईनं तिला धरलं, तोंड धुतलं, घरी आणून सोडलं. वाईट बाई नव्हती ती. पण परत नळावर गेल्यावर म्हणाली, "काल शाळंत, आज हितं. सकाळच्या पारी पोरीला ओकाऱ्या कशाच्या व्हायल्यात गं?" कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, न्हाण यायच्या आधीच की काय. दुपारपर्यंत हे बोलणं वखारीच्या फाटकातून आत गेलं आणि पोती वाहणाऱ्या माणसांत पोचलं.

कल्लाप्पा त्या दिवशी काम अर्धं टाकून घरी आला. पोती ओढायचा लोखंडी हूक तो आल्याबरोबर खुंटीला लावायचा. आज तो त्याच्या हातातच होता. त्याच्या मागोमाग धापा टाकत सुलाबाई आली. वखारीत तिच्याही कानावर आलं होतं.

कल्लाप्पा ओरडला नाही. मालूसमोर उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "कोण हाय त्यो? नाव सांग."

मालूला तो काय विचारतोय तेच कळलं नाही. आप्पाला कळलंय, एवढंच तिला समजलं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"नाव सांग म्हंतोय."

ती आईकडं बघत राहिली. कल्लाप्पानं थोबाडीत मारली. ओठ फुटला, पण ओठ उघडले नाहीत. म्हातारी भिंतीला टेकून म्हणत होती, बोलत न्हाय म्हंजे हाय काय तरी, घराण्याचं नाक कापलं. कल्लाप्पा उठला तो हूक घट्ट धरून. मालूची नजर अजून आईवरच होती. शपथ पाळलीय बघ, असं सांगणारी.

सुलाबाई दोघांच्या मध्ये आली.

"तिला न्हाण आलंय," ती म्हणाली. "काल आलंय. मीच सांगू नगं म्हटलंतं."

कल्लाप्पाचा विश्वास बसेना. यल्लव्वा उठली, मालूला दंडाला धरून पडद्याआड घेऊन गेली. बाहेर दोघं एकमेकांकडं न बघता उभे राहिले. म्हातारी परत आली ती हसत. "खरं हाय रं," ती म्हणाली. "शानी झाली माझी बाय."

कल्लाप्पानं हूक खुंटीला लावला. खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग उठून साखर आणायला गेला, आणि सौंदलग्याला सांगावा धाडला. गल्लीत प्रत्येक दारात साखर द्यायची होती, सगळ्यात आधी यशोदाबाईच्या.

साखर वाटली जात होती तेव्हा सुलाबाई परड्यात मालूची कापडं धूत होती. पहिल्या पाण्याबरोबर रक्त गेलं. दुसऱ्या पाण्यालाही रंग सुटला, पिवळट तपकिरी, तिच्या तळहातांसारखा. तिनं कापड नाकाशी नेलं. वखारीत नवी बाई आली की पहिले काही दिवस तिचं असंच होतं. घाम, घेरी, ओकारी. अंगाला सवय झाली की थांबतं. गेल्याच महिन्यात एका नव्या पोरीचं डोकं तिनं स्वतः मांडीवर घेतलं होतं. आणि इथं तर पाल्याचा चुरा थेट अंगाला लागलेला, ओल्यात.

आता घरात जाऊन सांगितलं असतं तरी कुणाला त्याचं काही करायचं नव्हतं. ती पाणी बदलत राहिली. रंग सुटतच राहिला.

दुसऱ्या दिवशी नागुबाई हिरवी साडी घेऊन आली. मालूला पाटावर बसवून तिनं ओटी भरली. फुटलेल्या ओठाकडं बघून विचारलं, पडलीस का गं? मालूनं हो म्हणून मान हलवली. बायका गाणी म्हणत होत्या. लग्न उन्हाळ्यातलं ठरलं, सातवीच्या परीक्षेला थांबायचं कारण कुणालाच दिसलं नाही.

सासरी निघायच्या आदल्या दिवशी सुलाबाई मालूची ट्रंक भरत होती. तळाशी तिनं ती कापडं ठेवली, कितीदा तरी धुतलेली. मालू शेजारी बसली होती. तिनं एक घडी उचलून हुंगली.

"ह्यात पाला घाटला न्हाईस?"

"न्हाय."

"कसर लागंल की, आई."

"लागू दे," सुलाबाई म्हणाली आणि ट्रंकेचं झाकण लावलं.