माजलगावचं पकडलेलं जहाज

मांडव उतरतो, वर्गणी संपते, किस्से तेवढे गल्लीत मुक्कामाला राहतात. आमच्या जहाजाचे तर एवढे साचलेत की एक काढला की दुसरा तोंडातून आपोआप बाहेर पडतो. मला गप बसवतच न्हाई.

एका गणपतीत आमच्या मंडळानं देखावा धरला: मराठ्यांच्या आरमारानं पकडलेलं इंग्रजांचं जहाज. समुद्र गल्लीत कुणी पाहिलेला न्हाई. ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या रफिकभाईंनी ते उसाच्या ट्रॉलीवर उभं केलं. शिडाला ताडपत्री, तळाला डांबर. आमचे अध्यक्ष बप्पा म्हणले, "डांबर कावून? देखावा हाय."

"जहाज हाय, बप्पा. एकदा तरी पाण्यात सोडा," रफिकभाई म्हणले. आमी लई हसलो.

*

विसर्जनाच्या दिवशी आमी पोहे खायला बसलो, तेवढ्यात खालच्या गल्लीवाल्यांनी आपला ट्रॅक्टर जोडला आन जहाज घेऊन गेले. जाब विचारला तर त्यांचा अध्यक्ष म्हणतो, "इंग्रजांनी मराठ्यांकडं पावती मागितलती का बे?"

बप्पांची झोपच उडाली.

*

खालच्या गल्लीकडून ते तेलगावच्या एका उमेदवारानं प्रचाराला नेलं. डोलकाठीवर त्याचा फोटो. गडी पडला. जिंकलेल्यानं तेच जहाज ओढून नेलं आन त्याच्यावरूनच गुलाल उधळला. पडलेला दारात उभा राहून म्हणला, "जरा हळू न्या, कालच रंग दिलाय."

*

मग पाटोद्याच्या एका नवरदेवानं ते आपल्या लग्नाला नेलं. नवरदेव जेसीबीनं जहाजावर चढला. जेसीबी गेला दुसऱ्या वरातीला. मंगलाष्टकं खाली, नवरदेव वर. शेवटी अक्षताच वर फेकल्या.

*

मालक बदलला की जुनं नाव पुसून नवा झेंडा रंगवायला रफिकभाईंनाच बोलावणं. दर वेळी ते तेच विचारायचे, "पाण्यात सोडता का?" दर वेळी नवा मालक हसायचा. रफिकभाईंचा जीव तुटायचा, ते आमाला दिसायचं.

यंदा बप्पा, खालच्या गल्लीचा अध्यक्ष, तेलगावचा निवडून आलेला आन पाटोद्याचा नवरदेव, चौघंही जहाजावर हक्क सांगत रफिकभाईंकडं आले. रफिकभाई म्हणले, "धरणावर आणा. तिथंच ठरवू आन तिथंच रंग देतो."

काठावर चौघांची जुंपली. रफिकभाई रंगाचा डबा घेऊन जहाजावर चढले आन ट्रॅक्टरवाल्याला खूण केली. त्यानं ट्रॉली मागं पाण्यात घेतली. जहाज तरंगलं. ताडपत्रीत वारं भरलं आन ते निघालंच.

चौघंही एकदम ओरडले, "रफिकभाई, आमचं हाय ते, फिरवा!"

आतून आवाज आला, "ज्याचं हाय त्यानं पोहत यावं."