शेजारच्या सीटवरचा ब्रेक

आमच्या भागात ज्याला ज्याला गाडी चालवता येते, त्याच्या कानात बाईंचा आवाज असतो. मीही त्यातलाच. क्लच सोडताना घाई झाली की अजून वाटतं, शेजारून कोणीतरी म्हणेल, "गाडी आहे ती, बेडूक नाही."

बाईंची ड्रायव्हिंगची शाळा म्हणजे एक खोली, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि दारात उभी एक पांढरी गाडी. त्या गाडीत शेजारच्या सीटपुढंही ब्रेक आहे, शिकवणाऱ्याचा. शिकणारा बावचळला की बाईंचा उजवा पाय खाली. त्या पायानं किती कुंपणं, किती कोंबड्या आणि किती जणांची अब्रू वाचवली याला गणती नाही.

नेमका त्याच पायाचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालाल व्यवस्थित, कामाचं मात्र तुमचं तुम्ही बघा. लेकीनं आईच्या वतीनं लगेच बघून टाकलं: शाळा बंद, आता आराम. एरवी बाईंनी तोंडाला तोंड दिलं असतं, पण या वेळी त्यांनाच खात्री नव्हती. त्यांनी खुर्चीत बसून फरशीवर पाय दाबून पाहिला होता. पाय दाबत होता, पण आधी विचारात पडत होता. आणि ब्रेकवरच्या पायानं विचार केला की गाडी भिंतीत. सोमवारी नवी पोरं शिकायला येणार होती. त्यांना घ्यायचं की माघारी लावायचं, एवढं एकच बाईंच्या डोक्यात होतं. घरात कोणाला त्यांनी याचा वास लागू दिला नव्हता.

काकांना तर नाहीच. काका म्हणजे बाईंचे यजमान, जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. दुकान बंद केल्यावर त्यांना डब्या शोधायचं वेड लागलं. लोक डोंगरात कुठंतरी डबी दडवतात आणि तिचा ठिकाणा फोनवर टाकतात. ज्याला सापडेल त्यानं आतल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं, डबी होती तिथं ठेवायची. काका प्रत्येक डबीत एक बटण टाकून येत. बाई म्हणायच्या, "आयुष्यभर गिऱ्हाइकांची बटणं हरवली, आता डोंगराला परत करताहेत."

ऑपरेशनपासून दोघं बाहेर पडले नव्हते. त्या रविवारी काकांनी बाईंना शाळेच्या पांढऱ्या गाडीत घातलं आणि मोठा रस्ता सोडून डोंगरातल्या आडवाटेला लागले. एका गाडीपुरताच रस्ता. एका अंगाला ओला कातळ, दुसऱ्या अंगाला उतरत गेलेलं रान आणि लांब खाली, सांडलेल्या पाऱ्यासारखं तळं. बाईंनी सीट मागं सरकवून पाय आखडून घेतला होता. पहिल्या दोन डब्या सपाटीवर मिळाल्या. एक पुलाच्या कठड्याखाली, दुसरी झाडाच्या ढोलीत. काका हवेत होते.

तिसरी चढावर होती. वळण संपून रस्ता जिथं छातीवर येतो, तिथं फोन म्हणाला, आलं. काकांनी गाडी थांबवली, न्यूट्रल केली, इंजिन तसंच चालू ठेवलं आणि बटण मुठीत धरून कातळाकडं पळाले.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. काका गाडी शिकले बाईंकडून, चालवली फक्त हीच, आणि शेजारी कायम बाई. गाडी थांबली की बाईंचा पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर असायचाच. त्यामुळं काकांच्या पायाला ब्रेक सोडायची सवय होती, पण हाताला हँडब्रेक ओढायची सवय कधी लागलीच नाही. इतक्या वर्षांत हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. साऱ्या गावाला शिकवलं आणि घरचा विद्यार्थी कच्चा.

गाडी मागं निघाली. मागं वळण, वळणाच्या पलीकडं नुसते झाडांचे शेंडे.

बाईंचा हात हँडब्रेककडं निघाला खरा, पण तो पोचायच्या आत गाडी गच्च उभी होती. बाईंनी खाली पाहिलं. आखडून ठेवलेला पाय ब्रेकवर होता. कधी गेला, त्यांना कळलंच नाही. सीट मागं असल्यानं बूड पार कडेला घसरलं होतं, कंबर वाकडी झाली होती, पण पाय खांबासारखा.

हँडब्रेक हाताशीच होता. बाईंनी हात मांडीवर घेतला. म्हटलं, बघू.

काका कातळाच्या भेगा चाचपत होते. एकदा ओरडले, इथं नाही. मग बराच वेळ नुसते पुटपुटत राहिले. बाईंचा गुडघा तापला, पोटरीला मुंग्या आल्या, पण पाय केसभर वर आला नाही. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते बाईंना त्या चढावर, घामानं भिजलेल्या पाठीनं कळलं.

काका डबी नाचवत आले. बाईंनी हँडब्रेककडं बोट केलं. तो खालीच होता. काकांनी मागं पाहिलं, वळण पाहिलं, झाडांचे शेंडे पाहिले आणि नाचवत आणलेली डबी हळूच खाली घेतली.

"मला वाटलं, तू आहेस ना."

"आहे ना," बाई म्हणाल्या. "ओढा आता तो. पाय भरून आलाय."

घरी पोचल्यावर बाईंनी लेकीला फोन करून सांगितलं की शाळा सुरू राहील. लेक तावातावानं बोलत राहिली. बाईंनी तिला बोलू दिलं आणि पायाला शेक घेत बसल्या.

सोमवारी नवी पोरं आली तेव्हा गाडीत आधीच एकजण बसलेला होता. बाई शेजारी बसून त्याला शिकवत होत्या: गाडी थांबली, न्यूट्रल, आणि मग हा दांडा वर. पुन्हा. पोरांनी रांगेतून विचारलं, हे आजोबा कोण.

"जुनाच विद्यार्थी आहे," बाई म्हणाल्या. "एक धडा राहिला होता."