सईनं मोडकी चाकं काढली नाहीत

मंडळी, आज दुपारी लेकीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. खेळण्यातली प्लॅस्टिकची दातेरी चाकं किती वजन पेलतात, हे माझ्या सातवीतल्या सईनं मोजलं होतं. चाकांना कॅन टांगून ती त्यात पाणी वाढवत गेली. तीनदा केलं, तिन्ही वेळा तीन लिटरच्या आसपास दात तुटले. ती तुटलेली चाकं तिनं टेबलावर मांडली होती.

परीक्षक म्हणाले, "बाळा, हा मोडका पसारा काढ. चांगली चाकं फिरवून दाखव, नाहीतर नंबर येणार नाही."

मी घाईनं चाकं उचलायला गेलो. सईनं माझा हात धरला.

"पप्पा, राहू द्या. सर, मोडल्याशिवाय कुठवर पेलतं हे कळणार कसं? नंबर नको मला."

नंबर नाही आला. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर आहे, तरी हे मला सुचलं नाही, याची लाज वाटतेय. तुम्ही असतात तर चाकं उचलली असतीत का?