बीएस्सीचा भाव, डोळ्यांच्या जोडीत

जीवशास्त्रातल्या पदवीला किती खर्च येतो आणि ती पुढे किती मिळवून देते, हे पेणपासून रोह्यापर्यंत खात्रीने सांगू शकणारं एकच माणूस मी पाहिलं, आणि ते सातवी नापास होतं. माझ्या बायकोची आत्या. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं फक्त आखणी केली, म्हणजे रंगवून झालेल्या मूर्तींचे डोळे काढले. मजुरी डोळ्यांच्या जोडीवर मिळे, म्हणून जगातली प्रत्येक किंमत त्या जोड्यांत मोजत. माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहून एकदा म्हणाल्या, "जावईबापू, दीड गणेशोत्सवाच्या जोड्या कोंडून ठेवल्यात तुमी यात."

आमची मुलगी बारावी झाली आणि झूऑलॉजी घेणार म्हणाली, तेव्हा मी माहितीपत्रकं वाचत बसलो. आत्या कंपन्यांच्या बसथांब्यावर जाऊन बसल्या. रोह्याच्या कंपन्यांतून शिफ्ट संपवून उतरणारा कोणीही त्यांच्या तावडीतून सुटला नाही.

"काय शिकलास रे बाबा?"

"मायक्रोबायोलॉजी."

"फी किती पडली? पगार किती? कागदावरचा नको. खोलीभाडं, डबा जाऊन हातात पडतो तो सांग."

जी माणसं घरी खरा पगार सांगत नसतील ती आत्यांना निमूट सांगत. मी शेजारी पिशवी धरून थक्क होऊन ऐकत असे. पुढे एका मार्गदर्शन सभेत बाहेरून आलेले एक सर बायोटेकच्या भविष्यावर तासभर बोलले. आत्या उठल्या. "सर, भविष्य बरं हाय. पन मागल्या वर्षीची पोरं आता कुठं हायत?" सरांनी घड्याळ पाहून आभारप्रदर्शन उरकायला सांगितलं.

महिन्याभराने आत्यांनी निकाल दिला. बायोटेक सगळ्यांत महाग, आणि वर एमएस्सीच्या जोड्या ओतल्याशिवाय परत काही देत नाही. मायक्रोबायोलॉजी मध्यम, पण तीन वर्षांत कंपनीच्या लॅबमध्ये उभं करते. रोह्याच्या कॉलेजातली झूऑलॉजी सगळ्यांत स्वस्त. मात्र तिच्या कमाईपाशी येऊन आत्यांनी नुसते ओठ मुडपले.

मुलगी रडायच्या बेताला आली. "आत्याआजी, मला खाडीतले खेकडेच शिकायचेत."

"का गो, बाजारात मिळत नाय?"

"त्यांचे डोळे दांडीवर असतात. हवे तेव्हा उभे करतात, हवे तेव्हा आडवे. आणि एकेका डोळ्यात हजारो बारीक भिंगं!"

हातात कुंचला नसताना आत्यांची बोटं हवेत काहीतरी काढत होती.

"एवढी वर्षं डोळे काढते," त्या अखेर म्हणाल्या, "पन हे मला कोनी सांगितलं नाय. जाऊ द्या तिला. हिशेब मात्र मी सोडायची नाय. पहिला पगार आला का मोजून बघीन, किती पगारांत फी वसूल होते ती."

मुलीने तीन वर्षं पेण-रोहा गाडीचा पास काढला. पदवीनंतर बरेच महिने ती घरीच होती, तेव्हा आत्यांनी तिला एका शब्दाने डिवचलं नाही. यंदा धरमतरच्या बाजूला एका कोळंबी प्रकल्पात ती लागली. पहिला पगार हातात आला त्याच्या पंधरा दिवस आधी आत्या गेल्या.

मोजायचं काम माझ्याकडे आलं. जोडीचा भाव विचारायला मी कारखान्यात गेलो.

"कुठला सांगू?" मालक म्हणाले. "बाकीच्यांना मधल्या काळात तीनदा वाढवून दिला. आत्यांनी घेतलाच नाय. म्हनायच्या, नातीची फी ज्या भावाने मोजली त्याच भावाने तिचा पगार मोजायचा हाय. मधेच माप बदललं तर हिशेब चुकंल."

जुना भाव नुसता लक्षात ठेवूनही भागलं असतं, हे त्यांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. पण त्यांच्या लेखी भाव म्हणजे हातात पडतो तो.

घरी येऊन मी त्यांच्याच भावाने मोजलं. तीन वर्षांची फी तीन पगारांत वसूल होते, असं उत्तर आलं. दोनदा करून पाहिलं. घरात आम्ही तिघंही शिकलेले; पण हे उत्तर बरोबर आहे का, हे विचारायला आता कोणी नाही.