पांढरा शालू, चोरबाजार आणि पारूआत्याचं पातेलं

लग्न माझ्या धाकट्या भावाचं, विकासचं. मुंबईला जायचा हट्ट मात्र माझा. "मंचरात कापड मिळत नाय का?" असं वडील तीनदा म्हणाले. मिळतं की. पण सहा वर्षं मंचरच्या शाळेत शिकवतेय मी, तिथल्या कुठल्या दुकानात गेल्या दिवाळीचा माल अजून पडून आहे हेसुद्धा मला पाठ आहे. मला दादरच्या साड्या बघायच्या होत्या, विकासच्या नव्या घरासाठी एखादं हातानं काढलेलं चित्र घ्यायचं होतं आणि चोरबाजार बघायचा होता. शाळेला सुट्टी लागायची होती, पण मी तीन दिवसांची रजा टाकली. धीर धरवेना.

यादी करत बसले होते तेवढ्यात पारूआत्या येऊन उभी राहिली. "सुजे, त्या बाजारात जुनी तांब्याची भांडी असत्यात म्हन. मी बी येते."

आत्या का येतेय हे कळंबच्या आमच्या वस्तीत कुणालाही सांगायची गरज नाही, तुम्हाला सांगायला हवी. छप्पन्न साली धम्म घेतल्यानंतर वस्तीत लग्नं आपल्या पद्धतीनं व्हायला लागली तेव्हा मोठी भांडी मागायची कुणाकडे, हा प्रश्न आला. मग अकरा घरांनी वर्गणी काढून तांब्याचं एक भलंमोठं पातेलं आणलं आणि त्यावर अकरा जणांची नावं घातली. शंभर माणसांची आमटी एका वेळी व्हायची त्यात. आत्या नवरा गेल्यावर माहेरी परत आली आणि ते पातेलं सांभाळायचं काम तिच्याकडे आलं. बारा वर्षांपूर्वी एक मोडवाला आला, "सरकारनं तांब्यावर बंदी आणलीय" असं सांगून त्यानं ते नेलं आणि बदल्यात ॲल्युमिनियमची चार पातेली ठेवून गेला. ही आत्याची हकीकत. तेव्हापासून वस्तीत लग्न निघालं की कुणीतरी म्हणतंच, "पारूनं अकरा घरं मोडीत घातली." हसत म्हणतात, पण म्हणतात. विकासच्या लग्नाआधी ते पातेलं परत वस्तीत आणायचं, असं आत्यानं मनाशी ठरवलं होतं.

मुंबईत एक पातेलं शोधायचं! मी कपाळाला हात लावला आणि दोन तिकिटांचे पैसे बाजूला ठेवले.

पहिला दिवस

कळंबहून जीपनं आळेफाटा, तिथून मुंबईची एसटी. पुण्यावरूनही जाता येतं, पण मला माळशेजचा रस्ता आवडतो. एप्रिलात घाट करपलेला असतो, धबधबे वगैरे काही मिळणार नाहीत, पण बोगद्याजवळ माकडं भेटतात आणि वळणावर गार वारा लागतो. तिकीट शंभर-सव्वाशेच्या घरात, आत्याचं अर्धं. पाण्याची बाटली आळेफाट्यावरच भरून घ्या. मुरबाडला गाडी दहा मिनिटं थांबते, तिथला वडा बरा आहे, चहा टाळा. चेंबूरला मावसबहिणीकडे मुक्काम होता, त्यामुळे राहण्याचा खर्च शून्य. तुम्हालाही एक मावसबहीण मुंबईत असू द्या, एवढाच सल्ला देते.

दुपारी दादर. आमच्याकडे नवरी पांढऱ्या साडीत असते आणि ती साडी नवरदेवाकडून जाते. पहिल्या दुकानातल्या नव्या पोरानं पांढरी म्हटल्यावर आवाज बारीक केला आणि विचारलं, "घरात कुणी... गेलं का?"

आत्या म्हणाली, "गेलं न्हाई रं, येतंय. सून येतीय!"

पोरगं ओशाळलं. शेजारच्या दुकानातल्या मालकाला मात्र काही सांगावं लागलं नाही. त्यानं आमच्याकडे एकदा बघितलं आणि थेट पांढऱ्या साड्यांचा गठ्ठा सोडला. पांढऱ्यातही इतके पांढरे असतात हे मला तिथं कळलं! दुधाळ, मोतिया, साय जमल्यासारखा, निळीत बुडवलेला. दोन तास घालवून सोनेरी बारीक काठाचा शालू घेतला, अठराशेला. दर पाटीवर लिहिलेले असले तरी दोनशे रुपये सुटतात, फक्त उठून चपला घालायला सुरुवात करावी लागते. माझ्यासाठीही एक जांभळी घेतली. ती यादीत नव्हती.

दुसरा दिवस

सकाळी फोर्टात काळा घोड्याजवळ गेलो. फुटपाथवर चित्रकार आपापली चित्रं मांडून बसतात आणि बघायला कुणी पैसे घेत नाही. मला नांगरटीचं एक चित्र आवडलं. ढेकळांचा रंग अगदी आपल्याकडच्यासारखा, त्यावर तिरपं ऊन. चित्रकार साडेपाचशे म्हणत होता. मी घासाघीस करायच्या बेतात, तेवढ्यात आत्या वाकून म्हणाली, "भाऊ, ह्या बैलाला वेसण न्हाई. हा कुठं जाईल सांगता यायचं न्हाई."

चित्रकारानं चित्राकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, पिशवीतून कुंचला काढला आणि तिथल्या तिथं वेसण काढून दिली. वर शंभर रुपये कमी केले. कलेवर असं बोलायला मला आयुष्यात जमणार नाही.

तिथून बसनं भेंडीबाजार आणि चालत चोरबाजार. शुक्रवार टाळा, त्या दिवशी दुकानं बंद आणि रस्त्यावर गर्दी. अकराच्या आधी जाऊ नका. सांगितलेल्या किमतीच्या अर्ध्यापासून सुरुवात करा आणि चेहरा पडलेला ठेवा. काय नाही तिथं! झुंबरं, जहाजावरचे दिवे, भोंगेवाले बाजे, दाढी करायच्या खुर्च्या, कुणाच्या तरी आजोबांचे फ्रेममधले फोटो. परके आजोबा विकत घेऊन लोक भिंतीवर लावतात म्हणे.

तांब्या-पितळेचं दुकान एका म्हाताऱ्या चाचांचं होतं. मोठं पातेलं म्हटल्यावर त्यांनी आम्हाला मागच्या गोदामात नेलं. छतापर्यंत भांडी. हंडे, घंगाळं, घागरी, बंब. "हॉटेलवाले ले जाते हैं, फूल रखते हैं," चाचा म्हणाले. आत्यानं एक घंगाळ फिरवून माझ्यापुढे धरलं. "नाव वाच."

आत्याला वाचता येत नाही. म्हणून मी वाचत गेले. एकावर खेड, एकावर घोडेगाव, एकावर संगमनेर. 'चि. सौ. कां. सुमन हिस आत्याकडून.' 'कै. आईच्या स्मरणार्थ.' 'सर्व मित्रमंडळ.' बायांनी हौसेनं ठोकून घेतलेली नावं एकावर एक रचून पडली होती. तासभर मी वाचत होते आणि आत्या प्रत्येक नावाला "बरं" म्हणत होती, कुणी ओळख करून द्यावी तशी. मला खरंच भरून आलं. पातेली नऊ निघाली. आमचं नव्हतं.

"वितळलं असेल, अम्मा," चाचा हळूच मराठीत म्हणाले. "मोठा माल भट्टीतच जातो."

आत्या मटकन उपड्या घागरीवर बसली. मी पाणी दिलं. मला वाटलं आता रडते. पण तिनं बाजूचा तांब्याचा हंडा ओढला. "ह्याच्यावर काय हाये?"

'चि. सौ. कां. हौसा हिस मामाकडून. मधलीवाडी, ओतूर.'

"ओतूर वाटंवरच हाये आपल्या," आत्या म्हणाली. "माझं न्हाई तर न्हाई, हिचं तरी घरी जाऊंदे. ही बी माझ्यासारखीच तोंड लपवीत असल."

मी खूप समजावलं. ती हौसा जिवंत आहे का, तिथंच राहते का, हंडा चोरीचा की विकलेला, काही माहीत नाही. आत्यानं कमरेची पिशवी सोडली. चाचा तीन हजार म्हणाले, आत्यानं त्यांना त्यांच्या आईची आठवण काढायला लावली आणि बावीसशेवर आणलं.

तिसरा दिवस

परतीच्या एसटीत शालू माझ्या मांडीवर, चित्र डोक्यावरच्या फळीत आणि हंडा दोघींच्या मधे. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्याचं अर्धं का पुरं?"

"त्याला पासष्टच्या वर झालीत, अर्धंच फाड," आत्यानं सांगितलं.

ओतूरला उतरलो. स्टँडसमोरच्या शिंप्यानं मधलीवाडी सांगितली, तीस रुपयांत रिक्षा मिळाली. घर विचारायला वेळ लागला नाही, वाडीत हौसा एकच. सत्तरीची, मान एका अंगाला किंचित कललेली, दारात वाल सोलत बसली होती. आत्यानं हंडा तिच्यापुढे ठेवला. हौसाबाईंनी नावावरून बोट फिरवलं आणि सूप बाजूला सारलं.

"आगं बया! ह्यो परत आला?"

"चोरीला गेल्ता का, बाई?" आत्यानं विचारलं.

"चोरतंय कोन! म्या दिला मोडीत. ह्या हातानं. नळ आला त्याच साली." हौसाबाई हसायला लागल्या. "तीस वर्सं नदीवरनं पानी आनलं ह्यानं. ही मान बगा. लोक म्हनायचे, मामाची आठवन हाये, ठेव. मी म्हनलं, मामानं दिला खरा, पर मामानं पानी व्हायलं का?"

आत्या हसली नाही. तिचा हात हंड्याच्या काठावर तसाच राहिला.

"वाईट न्हाई वाटलं?" तिनं विचारलं.

"वाईट? त्या दिवशी दुपारी झोपले मी. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा."

चहा झाला, वालाच्या शेंगा मिळाल्या. हंडा काही त्यांनी ठेवून घेतला नाही. "तुमीच न्या," म्हणाल्या, "पर पानी नका वाहू त्यानं." बावीसशे रुपये, एवढं ओझं आणि वस्तू पुन्हा आमच्याच गळ्यात! मी मनातल्या मनात चरफडत जीपमध्ये बसले.

आळेफाटा मागे पडल्यावर आत्या खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "सुजे, त्या मोडवाल्यानं मला फशिवलं न्हवतं."

मी तिच्याकडे वळले.

"मीच हाक मारली त्याला. लगीन कुनाचं बी असो, जेवनं झाली की समदे मंडपात आनि मी त्या पातेल्यात कमरंपर्यंत. राख, चिंच, राख, चिंच. वीस वर्सं. हाताची सालटी निघायची. यवढं जड की पालथं घालायला दोन गडी लागायचे, पर घासायला मी येकटी. कल्हईवाला यायचा बंद झाला तवा मला आनंद झाला व्हता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"नावं व्हती त्याच्यावर. माझ्या बापाचं बी व्हतं."

बारा वर्षं मीही त्या चेष्टेत हसले होते. मला लाज वाटली.

घरी

त्याच आठवड्यात लग्नाच्या तयारीसाठी वस्तीतली माणसं विहारात जमली. भांड्यांचा विषय निघाला आणि कुणीतरी ठरलेलं वाक्य टाकलं. सगळे हसले. आत्या उभी राहिली.

"व्हय. मीच घातलं मोडीत. मोडवाल्याचं नाव खोटं घेतलं. हात दुखायचे म्हनून घातलं."

मग माझे वडील म्हणाले, "अक्का, बोलली का नाय कदी?"

"इचारलं का कदी कुनी?" आत्या म्हणाली आणि खाली बसली.

लग्न चांगलं झालं. शालू सगळ्यांना आवडला, चित्र विकासच्या बाहेरच्या खोलीत आहे, हंड्यात तो क्रिकेटच्या बॅटी ठेवतो. मुंबईला जायचं असेल तर जरूर जा, तीन दिवस पुरतात, पैसे पुरत नाहीत. चोरबाजारात गेलात तर भांड्यांवरची नावं वाचा. फक्त ती भांडी गेली म्हणून लगेच हळहळू नका, ती घासत कोण होतं ते आधी विचारा.

मला स्वतःला त्या सगळ्या खरेदीपेक्षा लग्नाच्या दुपारी पाहिलेलं जास्त आठवतं. जेवणं उरकली आणि ॲल्युमिनियमची पातेली नळापाशी आली. वडिलांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या. मग शेजारचे आले, मग त्यांच्या पलीकडचे. अकरा घरांतून एकेक माणूस, बहुतेक गडी, लग्नाच्या कपड्यांत, हातात काथ्या. आत्यासाठी कुणीतरी मंडपातली लाल खुर्ची आणून ठेवली. ती पाय सैल सोडून बसली होती आणि बोटानं दाखवत होती, "तिकडं काठाला ऱ्हायलंय बग. नीट घास."